जड पाणी आणि गिझरचे आयुष्य : एका रूढ समजाचा प्रतिवाद

किनवट तालुक्यात, आणि एकूणच नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, घरातला गिझर दोन-तीन वर्षांत निकामी झाला तर त्याचे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण ते आधीच ठरलेले असते : बोअरचे पाणी जड आहे आणि जड पाण्यात गिझर टिकत नाही. दुकानदार हेच सांगतो, दुरुस्तीला आलेला कारागीर हेच सांगतो आणि शेजारीही त्याला दुजोरा देतात. मग त्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक तर दर काही वर्षांनी नवा गिझर घ्यायचा, नाहीतर पाण्यावरचा इलाज म्हणून चुंबकी पट्टा, तुरटी किंवा साऱ्या घराला पुरेल असा सॉफ्टनर आणायचा. यातले पाणी जड असल्याचे विधान बहुतेक ठिकाणी खरे आहे; त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत. गिझर अकाली निकामी होण्यामागे दोन निरनिराळ्या प्रक्रिया असतात, त्या दोन्ही थोडक्या खर्चात आटोक्यात ठेवता येतात, आणि दोहोंना मिळून ‘पाण्याचा दोष’ असे एकच नाव दिल्यामुळे त्यांपैकी एकीवरही नीट इलाज होत नाही.

पाण्याचा जडपणा, ज्याला शालेय पुस्तके दुष्फेनता म्हणतात, तो पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. नांदेड जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील खनिजे हळूहळू विरघळवत खाली उतरते. बोअर जितका खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास बहुधा दीर्घ आणि तितके क्षारही अधिक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या काळात आणि त्यानंतरही या भागात बोअर खोल खोल जात राहिले, हे लक्षात घेतले तर एकाच गावात, किंबहुना एकाच घरात, आडाचे, नळाचे आणि बोअरचे पाणी इतके वेगळे का असते हे उमगते. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम ठरवते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेते. दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट आहे, म्हणून नुसते ‘पाणी जड आहे’ म्हटल्याने गिझरविषयी काहीच ठरत नाही.

शिवाय हे विधान बहुतेक वेळा ज्या मापावरून केले जाते ते मापच वेगळ्या गोष्टीचे असते. पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणारा माणूस पेनासारखे टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि मोठा आकडा दाखवतो. तो आकडा एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज असतो, आणि त्यात साधे मीठही धरलेले असते, जे कॉइलवर थर धरत नाही. सॉफ्टनरमधून गेलेल्या पाण्याचा जडपणा जवळजवळ नाहीसा होतो, तरीही त्याचा टीडीएस होता तेवढाच राहतो. याहून दिशाभूल करणारा प्रकार म्हणजे पाण्यात लोखंडी पट्ट्या बुडवून वीज सोडणे आणि पाण्याला आलेला तपकिरी गढूळ रंग ‘पाण्यातली घाण’ म्हणून दाखवणे, कारण तो रंग मुख्यतः त्या पट्ट्यांच्याच लोखंडाचा असतो. जडपणा मोजायचा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि जलजीवन मिशनखाली गावोगावच्या महिलांना ज्या तपासणी संचांचे प्रशिक्षण दिले गेले त्यांतही ही चाचणी असते. गिझरच्या दृष्टीने त्या अहवालातला महत्त्वाचा आकडा अल्कतेचा, म्हणजे बायकार्बोनेटचा आहे, कारण थर धरतो तो मुख्यतः त्याच्याशी निगडित कॅल्शियम.

असे होण्याचे कारण एका विलक्षण गुणधर्मात आहे. साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचेच द्रव्य, पाणी तापले की कमी विरघळते. त्यातच तापण्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तोवर विरघळलेल्या रूपात राहिलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बाहेर पडते. ते सर्वांत आधी सर्वांत गरम पृष्ठावर, म्हणजे कॉइलवर बसते, आणि जे तिथे बसत नाही ते तळाशी साका होऊन साठते. समजा एखाद्या घरात रोज ६० लिटर पाणी तापते, त्यातला असा तात्पुरता जडपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे, आणि त्याचा दहावा हिस्साच टाकीत राहतो; तरीही वर्षाकाठी साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास चुनखडी टाकीत जमते. हा दहावा हिस्सा विसावा होईल की चौथा, हे पाणी किती तापवले जाते यावर मोठ्या प्रमाणात ठरते. साठ अंशांच्या पुढे थर धरण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि तरीही कित्येक घरांत थर्मोस्टॅट सत्तर-पंचाहत्तर अंशांवर असतो, कारण गिझर बसवताना त्याला हात लावला गेलेला नसतो. एवढे तापवलेले पाणी अंगावर घेता येत नाही, म्हणून त्यात पुन्हा निम्मे थंड पाणी मिसळले जाते. म्हणजे जो थर टाळता आला असता तो पैसे देऊन जमवला जातो. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर आणणे हा गिझरचे आयुष्य वाढवणारा सर्वांत मोठा एकच उपाय आहे, त्याला एक स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि नेमका तोच उपाय कोणी सांगत नाही. त्याहून फार खाली मात्र जाऊ नये : कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा फुप्फुसाचा आजार घडवणारा जिवाणू वाढू शकतो, म्हणून बरेच दिवस बंद राहिलेला गिझर आधी ६० अंशांपर्यंत तापवून ते पाणी सोडून द्यावे.

यानंतर विजेच्या बिलाचा मुद्दा येतो, आणि इथे जड पाण्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचा दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत कमी तपासलेला आहे. क्षाराचा थर उष्णता अडवतो, म्हणून वीज जास्त लागते आणि सॉफ्टनर बसवला की बिल कमी होते, असे सांगितले जाते. पहिले विधान खरे आहे, दुसरे त्यातून निघत नाही. कॉइल पूर्णपणे पाण्यात बुडालेली असते आणि तिच्यात निर्माण झालेल्या उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. थर असला तर कॉइल आतून अधिक तापते, पण अखेर तीच उष्णता पाण्यालाच मिळते. आतल्या नायक्रोम तारेचा विद्युतरोध तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे २ किलोवॉटची कॉइल थराखालीही जवळपास २ किलोवॉटच घेते. गॅसच्या गिझरची गोष्ट वेगळी, कारण तिथे अडलेली उष्णता धुराड्यातून वाया जाते. अमेरिकेतील बॅटेल या संशोधन संस्थेने २००९ मध्ये जड आणि मृदू पाण्यावर गिझर चालवून केलेल्या अभ्यासात हाच फरक दिसला : गॅसच्या गिझरांची कार्यक्षमता घटली, साठवणीच्या विजेच्या गिझरांची टिकून राहिली. तो अभ्यास पाणी मृदू करण्याच्या व्यवसायाशी संबंधित संघटनेच्या पुढाकाराने झाला होता, म्हणून त्याचा हा निष्कर्ष अधिकच लक्षात घेण्याजोगा आहे.

यावर अनुभवाचा हवाला दिला जातो की पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. तो अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण बहुधा वेगळे असते. १५ लिटर पाण्याचे तापमान ४० अंशांनी वाढवायला २ किलोवॉटच्या कॉइलला सुमारे २१ मिनिटे लागतात, आणि हे गणित २३० व्होल्टचे आहे. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून सकाळी गावभर गिझर आणि मोटारी सुरू असताना दाब १९० व्होल्टवर आला की तीच कॉइल जेमतेम १,३६५ वॉट देते आणि २१ मिनिटांची ३१ होतात. दुसरे कारण असे की थर्मोस्टॅटची नळी कॉइलच्या शेजारीच असते. दोघींवर मिळून थर चढला की तिला कॉइलचीच झळ लागते आणि टाकीतले पाणी पुरेसे तापण्याआधी ती वीज तोडते. यांपैकी पहिल्या अडचणीवर सॉफ्टनरचा काडीचाही उपयोग नाही, आणि दुसरी वर्षातून एकदा टाकी उघडून साफ केल्याने दूर होते.

थराचे खरे नुकसान बिलात दिसत नाही, ते कॉइलच्या आयुष्यात दिसते. तांब्याच्या तुलनेत चुनखडीचा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. गिझरच्या कॉइलच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दहा वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते असे धरले, तर अवघ्या एक मिलिमीटर थराखाली तिच्या आवरणाचे तापमान ५० ते १०० अंशांनी वाढते, आणि थर दुप्पट झाला की ही वाढही दुप्पट होते. बाहेर पाणी ६० अंशांवर आणि आत धातू दीडशे-दोनशेवर, अशा स्थितीत कॉइल रोज तापते आणि निवते, थराला तडे जातात, त्या तड्यांत पाणी उकळून ‘खदखद’ आवाज येऊ लागतो, आणि एक दिवस आवरण फुटते. हा आवाज म्हणजे सफाईची वेळ उलटून गेल्याची खूण आहे. पुष्कळ घरांत मात्र तो गिझर जुना झाल्याचा पुरावा ठरतो आणि नव्या गिझरची चौकशी सुरू होते.

कॉइल गेली तर ती बदलता येते. टाकी गळू लागली तर गिझर खरोखर संपतो, आणि नेमक्या याच ठिकाणी रूढ समज सर्वांत जास्त चुकतो, कारण टाकीला भोक क्षाराच्या थराने पडत नाही, गंजाने पडते. पोलादी टाकीच्या आत काचेसारखा मुलामा दिलेला असतो. तो कुठेही अगदी निर्दोष नसतो, आणि जिथे सूक्ष्म चीर असते तिथे पाणी पोलादाला भिडते. त्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते, जिला कारागीर अॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियमचे प्रमाण विभव उणे २.३७ व्होल्ट आणि लोखंडाचे उणे ०.४४ व्होल्ट, त्यामुळे दोन्ही एकाच पाण्यात जोडलेले असताना गंजण्याची पाळी मॅग्नेशियमवर येते आणि पोलाद वाचते. कांडी झिजणे हेच तिचे काम आहे. ती संपली आणि कोणी पाहिले नाही, की त्यानंतर झिजते ती टाकी. क्षार अधिक असलेले पाणी वीज चांगली वाहून नेते, म्हणून कांडी या भागात लवकर झिजते, किंवा तिच्यावर थर चढून ती निकामी होते. दोन्ही परिस्थितींत उत्तर एकच आहे : दर वर्षी ती काढून पाहणे, अर्ध्याहून कमी उरली असेल किंवा आतली लोखंडी तार दिसत असेल तर बदलणे. सॉफ्टनरने टाकीचा हा प्रश्न सुटत नाही, कारण मृदू केलेल्या पाण्यातही क्षार तेवढेच असतात, त्यांत सोडियम वाढलेले असते इतकेच, आणि कांडी तिथेही झिजत राहते. पाच वर्षे गिझर वापरूनही अशी काही वस्तू आत आहे हे ज्यांना कोणी सांगितले नाही अशी घरे किनवटच्या प्रत्येक गल्लीत सापडतील, आणि ती अनभिज्ञता विक्रेत्यांच्या व सेवा केंद्रांच्या मौनातून आलेली आहे.

विकल्या जाणाऱ्या उपायांपैकी तुरटीविषयी थोडक्यात सांगता येते : ती गढूळपणा खाली बसवते, जडपणा कमी करत नाही, उलट तिच्यातील सल्फेटमुळे तात्पुरत्या जडपणाचा काही भाग कायमच्या जडपणात बदलतो. चुंबकी आणि तथाकथित इलेक्ट्रॉनिक पट्टे पाण्यातून काहीच काढत नाहीत आणि त्यांच्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर खर्च करण्याचे समर्थन होत नाही. पॉलिफॉस्फेटची छोटी नळकांडी मात्र वेगळ्या प्रतीची गोष्ट आहे : ती जडपणा काढत नसली तरी स्फटिक बनण्यात अडथळा आणते, आणि गिझरच्या थंड पाण्याच्या नळीवर बसवली तर उपयोगी पडते, फक्त पाणी फार तापवले तर हे द्रव्य मोडते, म्हणजे थर्मोस्टॅट खाली आणल्याशिवाय तिलाही अर्थ नाही. सॉफ्टनर खरोखर जडपणा काढतो, यात वाद नाही. पण तो ठरावीक काळाने मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो, ते खारे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातल्या मातीत जाते, आणि जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हे धुण्याचे पाणी परवडते का, हा प्रश्न विक्रेता विचारत नाही. किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, आणि सॉफ्टनर फ्लोराइड काढत नाही, तेव्हा ‘पाणी चांगले झाले’ ही भावना तिथे धोक्याची ठरू शकते. वसतिगृह, दवाखाना किंवा लॉज चालवणाऱ्याने सॉफ्टनर जरूर घ्यावा; चार माणसांच्या घराने केवळ १५ लिटरच्या गिझरसाठी तो घेणे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी होणे.

मग थर काढायचा कसा, याचे उत्तर या प्रदेशाला जुनेच ठाऊक आहे. तांब्याच्या बंबातही हेच पाणी तापत असे, त्यालाही आतून पांढरी पुटे चढत, आणि तरीही बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकत, कारण त्याचे झाकण काढून आत हात घालता येत असे आणि चिंचेने तो घासला जात असे. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाने जे होत असे तेच काम गिझरमध्ये सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व करते. शंभर ग्रॅम चुनखडी विरघळवायला सुमारे १३० ग्रॅम लिंबूसत्त्व लागते. मुख्य वीजपुरवठा तोडून, पाणी पूर्ण काढून, खालची चकती कॉइलसह उतरवावी, साका धुऊन काढावा, आणि कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. द्रावण उकळते नसावे, कारण गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा वेगळा साका बसतो. पितळी किंवा लोखंडी ब्रशने कॉइल खरवडू नये, आणि चकतीखालचे रबरी गॅस्केट प्रत्येक वेळी नवे घालावे, अन्यथा सफाईनंतरची गळती सफाईच्याच माथी मारली जाते. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र गिझरमध्ये कधीही घालू नये. ते चुनखडी झटकन खाते हे खरे, पण त्याच वेगाने धातूही खाते, त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या टाकीला टोचल्यासारखी भोके पाडते, आणि ब्लीचिंग पावडरशी संपर्क आला तर बंद न्हाणीघरात विषारी क्लोरिन वायू सुटतो.

किनवटसारख्या ठिकाणी हे सारे करणार कोण, असा आक्षेप घेतला जाईल. चकती उतरवणे, कांडी पाहणे आणि गॅस्केट बदलणे हे आयटीआय शिकलेल्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनला जमणारे काम आहे. अडचण कौशल्याची नसून सुटी कांडी आणि त्या मापाचे गॅस्केट गावातल्या दुकानात नसण्याची आहे, आणि गिझर घेतानाच या दोन वस्तू सोबत मागितल्या तर तीही उरत नाही. हमीपत्र आहे, मग उघडायचे कशाला, हा दुसरा आक्षेप. अनेक हमीपत्रांत क्षार साचून झालेला बिघाड वगळलेला असतो, म्हणजे जो बिघाड इथे होणार हे सर्वांना माहीत आहे तोच हमीबाहेर असतो. अशा हमीकडे पाहत बसण्यापेक्षा हमी देणाऱ्या कंपनीच्या माणसाकडूनच वर्षातून एकदा टाकी उघडून घ्यावी आणि तशी नोंद मागावी.

‘चालेल तोवर चालवू, मग नवा घेऊ’ या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप पैशांचा नाहीच. थराखाली फुटलेल्या कॉइलमधून वीज थेट पाण्यात उतरते, आणि तिला जमिनीत नेणारे अर्थिंग मे महिन्यात कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत अनेकदा नावालाच उरलेले असते, म्हणून गिझरच्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारे आरसीसीबी हवेच. आणि थर्मोस्टॅट व त्यामागचा सुरक्षा-स्विच दोन्ही निकामी झाले तर टाकीतला वाढता दाब बाहेर सोडणारी एकच झडप असते, जिच्या तोंडाशी हाच क्षार साचून ती घट्ट बसते. तिची कळ महिन्यातून एकदा उचलून पाणी येते का ते पाहावे, आणि येत नसेल तर झडप बदलेपर्यंत गिझर सुरू करू नये.